आपल्या घरातल्या पिंक्या

प्रिय जेन्सन,

सुट्टीवर आलेला क्लेटन परवा तुझ्याकडे कुवेतला परत येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. काळजी करू नकोस, आम्ही दोघी धडधाकट आहोत.

आठवतं, आपल्या लेकीचे, नताशाचे गुलाबी तळवे पाहून तू तिला पिंकी म्हणालास? मग तुला त्या नावाचं वेडच लागलं. स्कूटर पिंकी, वाडीतली पाण्याची मोटार पिंकी, गेल्या सुट्टीत आणलेली गुलाबी नाकाची शेळीही पिंकीच. "पिंकीला चालू कर", "पिंकीला बांध" ऐकून सगळं नंदाखाल गाव हसायचं.

इथे बिबट्या फिरतोय, हे तुला सांगितलंच होतं. मंगळवारी अजून ऊन होतं. मी मागच्या दारी मासळी साफ करत होते. नताशा न सांगताच शेळी आणायला केळीत गेली होती. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची शकू किंचाळली, "ॲनी, धाव गं! बिबट्याने पिंकीला नेलं!"

कुठली पिंकी, हे विचारायलाही थांबले नाही. मी तशीच पळाले. 'नमो मरिये'ची प्रार्थनासुद्धा आठवेना. केळीच्या पानांवर रक्त होतं, फरफटल्याची खूण बावखलाच्या पाण्याकडे गेलेली. शेळीच असू दे, शेळीच असू दे, एवढंच मनात. मी "पिंकी, पिंकी" ओरडत राहिले. उत्तर नाही. जेन्सन, तेवढ्या वेळात मी तिला मेलेली धरलं होतं.

शकूनेच मोटारीच्या खोलीचं दार ढकललं. आत नताशा, दोन्ही हातांनी तोंड दाबून बसलेली. मी कुशीत घेऊन विचारलं, "बाळा, ओ का नाही दिलीस?"

ती पुटपुटली, "मी पिंकीला हाक मारली, ती धावत आली, आणि तो तिच्या मागून आला. मग तू पण तेच नाव घेतलंस."

वन खात्याने पिंजरा लावलाय, बिबट्या अजून सापडलेला नाही. आणि ते नाव कानावर पडलं की ती पलंगाखाली शिरते. त्याला आता आपलं नाव माहीत झालंय, म्हणते. फोनवर ती मला चिकटूनच असते, म्हणून हे लिहिलं. रविवारी फोन करशील तेव्हा तिला नताशा म्हण. चुकूनही पिंकी म्हणू नकोस. मी तिला समजावते, पण खरं सांगू? संध्याकाळी तिला घरात घेताना मीही हाक मारत नाही. जाऊन हात धरून आणते.

तू येईपर्यंत दार लावून बसलेली,
तुझीच ॲनी