भुशासकट रास

माय,

परवा वर्तमानपत्रातली एक मुलगी भेटायला आली होती. तिला फाल्गुनातल्या गारपिटीवर लिहायचं होतं. "पूर्वी आपल्या जिल्ह्यात असं होत नव्हतं, हो ना बाई?" तिनं विचारलं. उत्तर आधीच लिहून आणलं असावं, अशा आवाजात. मी म्हटलं, होत होतं. निजामाच्या राज्यात होत होतं, आणि निजामाच्या आधीही होतच असणार, ढगांना राजा विचारून यावं लागत नाही. मग तिनं साल विचारलं. ते मला सांगता आलं नाही. तू सालं आकड्यांनी कधी सांगितली नाहीस. गारांचं साल, कडबा महागला ते साल, विहिरीचा तळ दिसला ते साल, असा तुझा हिशेब. तिनं विचारलं, सरकारी नोंद सापडेल का? मी सांगितलं, तहसिलीच्या आवारात पाऊस मोजायचं यंत्र होतं, कारकून रोज सकाळी ते बघायचा. पण त्यात पडलेली गार वितळते आणि पाणी म्हणून मोजली जाते. कागदावर तो नुसता पाऊस. मुलीचा चेहरा पडला. वही मिटून ती गेली. त्या गारांनी काय केलं, हे तिनं विचारलंच नाही. म्हणून तुला लिहिते आहे. तुला सगळं ठाऊक आहे, पण सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

मी तेव्हा मामाकडे हैद्राबादला शिकत होते आणि होळीसाठी गावी आले होते. वडील मी लहान असतानाच गेलेले. शेत वाटून झालेलं, तुझं आणि काकांचं. दोन खळी शेजारी शेजारी, मध्ये एक बाभूळ. ज्वारी निघाली होती, बैलांनी कणसं तुडवून झाली होती, आणि नेमका वारा पडला होता. उफणायला वारा लागतो. तो असेल तर भुसा उडतो आणि दाणा खाली पडतो. नसेल तर तिवईवर उभं राहून नुसतं आभाळाकडे बघायचं. आपण बरेच दिवस तसं बघत होतो. वर्षाची भाकरी भुशात मिसळून उघड्यावर पडली होती.

आणि ती तशी घरी नेता येत नव्हती. उफणून दाण्याची रास झाली की तिची पूजा व्हायची, खळ्यावरच बलुतेदारांना त्यांचा वाटा दिला जायचा, आणि मगच पहिलं पोतं घराकडे निघायचं. त्याआधी दाणा हलवला तर लक्ष्मी उठून जाते म्हणत. मला वाटतं, त्यामागचं कारण साधं असावं: एकदा घरात शिरलेला दाणा दुसऱ्याला द्यायला हात आखडतो. कारण काहीही असो, तो नियम मोडलेला मी पाहिला नव्हता.

दुपारची वेळ आहे. पान हलत नाही. लिंबागणेशच्या बाजूनं ढग वर येतो आहे, काळा नाही, कळकलेल्या तांब्यासारखा हिरवट. तू डोळ्यांवर हात धरून उभी आहेस. काका बाभळीखाली बसून तंबाखू मळताहेत.

"फागुनातलं आभाळ हाय, वैनी. येतं आन् जातं."

"आन् न्हाई गेलं तर, भावजी?"

"तर काय करता? रास कुटं झालीया अजून? तशीच उचलून घरी नेता व्हय? गाव तोंडात शेण घालंल." मग ते माझ्याकडे वळतात. "ए हैद्राबादवाली, तुज्या बुकात काय लिवलंय? पडंल का न्हाई?"

"मला माहीत नाही, काका."

"घ्या! मंग हिला कावून शिकवायलाव?"

"म्हाईत न्हाई तर न्हाई म्हनली," तू म्हणालीस. "तुमाला तरी कुटं म्हाईत हाय?"

मग तू पूजेची पाटी पुढं ओढलीस. सामान कधीचं तयार होतं. विधवेनं रास पुजायची नाही, दोन्ही खळ्यांवर तो मान काकांचा, हे तुला कुणी सांगायची गरज नव्हती. तू कुंकवाची पुडी माझ्या हातात दिलीस.

"पोरी, तू पूज."

"भुशासकट?" काका उठूनच उभे राहिले. "ह्याला रास म्हनायची?"

"भुसा काय देवानं न्हाई पिकवला?"

मी भुशावर हळदकुंकू वाहिलं. ते खाली झिरपून दिसेनासं झालं. तू गुळाचा खडा ठेवलास, हात जोडलेस आणि त्याच दमात मला म्हणालीस, "पळ. बलुतेदारांला बोलीव. म्हनावं, आपापला वाटा आत्ता उचला, न्हाईतर गारांच्या हवाली करा."

मी धावले. लोक आले, कुणी हसत, कुणी कुरकुरत. सुताराची बायको पदर पसरून म्हणाली, "बाई, निम्मा भुसा घालता व्हय पदरात? तुमच्या तिफणीला निम्माच फाळ बसवीन मंग."

"उफणून कमी भरलं तर दारात ये. आता उचल आन् पळ."

आपला वाटा घरी टाकून ती परत आली, आणि तिच्या मागोमाग बाकीचेही. ज्यांना आपला हक्क मिळाला होता, त्यांनी न सांगता तुझी ज्वारी उचलली. घोंगड्यांत, पाट्यांत, लुगड्याच्या ओच्यात. हे असं होईल हे तुला आधी सुचलं होतं की नाही, मला माहीत नाही. शेवटची खेप दारात आली आणि पत्र्यावर पहिली गार वाजली. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. मी उंबऱ्यात उभी राहून एक तळहातावर घेतली. तू बघितलंस आणि म्हणालीस, "खेळायला आलीस व्हय? पोत्याचं तोंड बांद." आयुष्यात नंतर मला पुष्कळांनी पुष्कळ काही सुनावलं. इतकं मुद्द्याचं कुणी नाही.

काकांनी ऐन वेळी आपल्या ढिगावर कडबा टाकला होता. त्यानं काय होतंय? दुसऱ्या दिवशी खळ्यात पाणी उभं होतं, आणि होळीपर्यंत ज्वारी काळी पडून तिला मोड आले. त्या वर्षी काकांचं घर तुझ्याच ज्वारीवर जगलं. त्यांनी तुझं बरोबर होतं असं कधी म्हटलं नाही. ताटावर बसून म्हणायचे, "वैनी, भाकरीत भुसा लागतोय." तू म्हणायचीस, "मंग दमानं चावा." सुताराची बायको खरोखरच दारात आली. तू तिला न मोजता सूपभर घातलंस, आणि तिनंही सूप हलवून आणखी घालून घेतलं.

पुढे कॉलेजात गार कशी तयार होते ते शिकले आणि सुट्टीत तुला समजावून सांगितलं. वाफ किती उंच जाते, गोठते, खालीवर होते, सगळं. तू भाकरी थापत ऐकून घेतलंस. "वर गार बनती हे मलाबी ठावं हाय. पडायच्या आत सांगता येतंय का?" येत नव्हतं. पुढे मी जन्मभर भूगोल शिकवला, आणि आजही ते फारसं सांगता येत नाही.

गावात मात्र तुझं नाव झालं. तिला आभाळ कळतं, म्हणायचे. मीही तसंच समजत होते. एकदा विचारलं तर म्हणालीस, "कळलं बिळलं काय न्हाई. भ्या वाटलं." मी म्हटलं, आणि आभाळ तसंच निघून गेलं असतं तर? "तर गाव हसलं असतं. हसल्यानं ज्वारी काळी पडत न्हाई."

आता मी बीडात राहते. गल्लीत माझा वचक आहे; पोरं माझ्या दारासमोर चेंडू खेळत नाहीत. ती मुलगी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ढग आला. सगळ्या गच्च्यांवर कुरडया, पापड वाळत घातलेले. मी कठड्याशी जाऊन ओरडले, "उचला! वाळवण उचला!" बायका धावल्या. शेजारीण बाहेरगावी होती, तिचं मीच गोळा केलं. ढग तासाभरात निघून गेला. थेंब पडला नाही. बायका चांगल्याच हसल्या. एक म्हणाली, "बाई, तास सुटला का आता?" दुसरीनं विचारलं, "तुमचं काय वाळत होतं?" मी म्हटलं, काही नाही.

हैद्राबादहून मी तुला लिहिलेली पत्रं गावचे मास्तर वाचून दाखवायचे. म्हणून त्यांत खुशाली आणि पाऊसपाणी, याच्या पलीकडे मी कधी गेले नाही. हे पत्र कुणी वाचून दाखवणार नाही. तेव्हा एवढं लिहिते: ढग जाईपर्यंत मी शेजारणीच्या कुरडयांचं गाठोडं पोटाशी धरून जिन्यात बसून होते, आणि तो गेल्यावरही बराच वेळ मला उठवेना.