खिडकीतली गोळ्यांची डबी

अहो,

सप्रेम जय भीम. गेलेल्या माणसाला पत्र लिहायला मी काही खुळी झालेली नाही. पण काल तुमचा पिक्चर बघून आले आणि तेव्हापासून घरात एकटीच बडबडतेय. सांगू कुणाला? इतकी वर्षं भांडायचं ते तुमच्याशीच, आता नवीन माणूस कुठून आणू?

आठवतं ना, मुंबईची ती मंडळी कॅमेरा घेऊन एकलहऱ्याला आपल्या क्वार्टरमध्ये आली होती? विज्ञान आणि अध्यात्म एकच आहे, असं दाखवणारी फिल्म काढत होते. पॉवर हाउसातला साधा फिटर रोज ध्यानाला बसतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तुम्ही किती समजावलंत त्यांना! "विहारातल्या भन्तेजींनी शिकवलं, श्वास येतो-जातो तो बघत बसायचं. चमत्कार काही नाही साहेब, डोकं गार राहतं एवढंच."

तुमचं तेवढंच बोलणं कापलंय मेल्यांनी.

कपाळाला वायरी चिकटवल्या, दंडाला पट्टा बांधून प्रेशर मोजलं. रात्रपाळी करून आलेला माणूस, बसल्या बसल्या डुलकी लागली. घोरलातसुद्धा! मी आत तोंडाला पदर लावून हसत होते. काल पडद्यावर तुमची मान छातीवर पडली आणि मागून एक घोगरा आवाज म्हणतो, "देखिए, आत्मा परमात्मा में विलीन हो रही है।" घोरण्यावर तंबोरा लावलाय हो! आत्माबित्मा काही नसतं म्हणून माझ्या सख्ख्या भावाशी वर्षभर अबोला धरलात तुम्ही. आणि तुमच्याच नाकातून आत्मा काढून दाखवला यांनी. शी!

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पुढे आलं प्रेशर. बसण्याआधी एवढं, उठल्यावर एवढं खाली. "बिना किसी दवा के!" आणि हॉलभर टाळ्या.

बिनऔषधाचं? चहाबरोबर गोळी घेतल्याशिवाय तुम्ही आसनावर कधी बसलात तरी का? खिडकीत ती पत्र्याची डबी असायची. कॅमेरावाला म्हणाला, "काका, डबी जरा हलवता का? मध्येच दिसतेय." आणि तुम्ही मुकाट्यानं उठून ती कपाटात ठेवलीत. मी डोळे वटारले, तर तुम्ही म्हणालात, "असू दे गं, पाहुणे आहेत." माणसानं इतकं भिडस्त असू नये हो! कामावर एक नट सैल राहिला तर रात्री झोप लागायची नाही तुम्हाला, मग तिथंच कसे गप्प बसलात?

नाशकात शालिमारच्या पलीकडच्या एका हॉलात होता हा तमाशा. मला पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली. आयोजक म्हणजे कुणी रिटायर्ड सर, पांढराशुभ्र सदरा, बोलणं अगदी साजूक तुपातलं. सुरू होण्याआधी कानाशी वाकून म्हणाले, "वहिनी, ते वारल्याचं इथं बोलायला नको. लोकांचा विश्वास डळमळतो." मला आधी कळलंच नाही हा माणूस काय बोलतोय. तुम्हाला जाऊन चार महिनेसुद्धा झाले नाहीत, आणि मी ते लपवायचं?

दिवे लागल्यावर काय सांगू तुम्हाला! एक बाई चप्पल काढून पडद्याला हात लावून आली. एकजण म्हणाला, "अमेरिकेला हे आत्ता कळतंय, आपल्याला हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं." काय माहीत होतं रे बाबा तुला? चांदवडचा एक कांद्याचा व्यापारी माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "माउली, लय भारी! महाराजांचं दर्शन कधी व्हईल?"

महाराज! तुम्ही! गंजी घालून अंगणात सायकलचं पंक्चर काढणारे!

मी म्हटलं, "वारले ते. थंडीत. प्रेशरनंच गेले." चांगलं मोठ्यानं म्हटलं, त्या सरांना ऐकू जाईल असं. वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. तर तो माणूस डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, "म्हंजी समाधी घेतली!" आणि माझ्या पायाला हात. मागची चार माणसंही वाकली. मी पाय झटकन मागे ओढून घेतले.

तुमची समाधी मी बघितलीय. हॉस्पिटलची खाट, हाताला सलाइन, तोंड एका बाजूला गेलेलं. माझं मनगट घट्ट धरून तुम्ही "पाणी, पाणी" करत होतात. तिथं कुणी तंबोरा लावला नाही.

आणि खरं दुखणं आता सांगते. शेजारच्या शकूवहिनी बरोबर आल्या होत्या. तुमच्याच डॉक्टरची, तुमच्याच रंगाची गोळी चालू आहे त्यांना. आज सकाळी बघते तर बाई ओट्यावर डोळे मिटून बसलेली. "गोळी घेतली का?" म्हटलं, तर म्हणतात, "नाय. आजपासून बंद. भावजींना नाय लागली, मला कशाला लागंल?"

मी सांगितलं त्यांना, ते घ्यायचे, रोज घ्यायचे. आधी एकदा कामावर चक्कर येऊन पडले, तेव्हापासून त्या गोळ्यांवरच तर आम्ही पुढचा सगळा संसार केला, पोरीचं लग्न पाहिलं त्यांनी. तर माझीच समजूत घालतात! "तुम्हाला दुःख झालंय वैनी. पिच्चरमधी काय खोटं दाखवत्यात व्हय?"

तुमच्याबरोबर बत्तीस वर्षं राहिले मी, आणि माझ्यापेक्षा तो पडदा खरा. भांडून भांडून शेवटी आजची गोळी माझ्यासमोर घ्यायला लावली. उद्याचं काय?

तुम्ही म्हणाल, "जाऊ दे, मास्तरीणबाई, कशाला लोकांच्या तोंडी लागतेस?" नाही जाऊ देणार. पाहुण्यांसाठी तुम्ही डबी उचललीत, पण शकूवहिनी काही पाहुण्या नाहीत.

रविवारी तो पिक्चर आपल्या कॉलनीच्या मैदानात दाखवणार आहेत. कपाटातून डबी काढलीय, अजून अर्धी भरलेली आहे. शकूवहिनींना शेजारी बसवणार, डबी मांडीवर ठेवणार. आपली रिकामी खिडकी पडद्यावर आली की मी उठून पडद्यापुढे उभी राहीन, मशीनचा उजेड डोळ्यांत गेला तरी चालेल. आणि डबी जोरात खुळखुळवून सगळ्यांना सांगेन, "ही तिथं होती. हे रोज घ्यायचे. त्या दिवशी तर नुसते झोपले होते." वचन आहे माझं. बालवाडीतल्या चाळीस पोरांना गप्प करणारा आवाज आहे, मैदानाला पुरेल.

तुमच्या घोरण्याची सवय असलेली,
मास्तरीणबाई