वेणीमाधवाला मुक्ती दिल्याबद्दल

वाराणसी,
भाऊबीज, ५ नोव्हेंबर १९९४

तीर्थस्वरूप नंदाताईस,

नरहरचा साष्टांग नमस्कार. इंदूरची थंडी, तुझे गुडघे आणि जिजाजींचा रक्तदाब हे तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. इकडे वैदेही बरी आहे, आई डोळे सोडून ठणठणीत आहे आणि मी घाबरलेला आहे. नेहमीसारखा नव्हे (नेहमीचं म्हणजे साहेबांनी बोलावलं की टेबलावरचे कागद उगाच सारखे करत बसतो तेवढं). आता गल्लीत पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली तरी मी न्हाणीघरात जाऊन कडी लावतो. वैदेही म्हणते, रेल्वेत एकोणीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे शोभत नाही. शोभत नाहीच. पण तिला पत्रं येत नाहीत.

'मृणालिनी' या नावाने कादंबऱ्या लिहिणारी बाई म्हणजे मी, हे जगात तिघांनाच ठाऊक आहे : तू, वैदेही आणि पुण्याचे प्रकाशक. अकरा वर्षांत तेवीस भाग झाले. पेशवाईत इथल्या राजा घाटावर बुडून मेलेला वेणीमाधव, वय कायम सव्वीस, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणारी आपली मधुरा. तो भूत असल्यामुळे तिचा हात धरू शकत नाही, आणि ती मराठी असल्यामुळे धरू देत नाही. एवढ्या भांडवलावर तेवीस भाग निघाले. वाचनालयांत बायका नंबर लावून वाचत होत्या. सगळं सुरळीत होतं.

मग गेल्या वर्षी पितृपक्षात बाबांचं श्राद्ध झालं. तू नव्हतीस, म्हणून सांगतो. गच्चीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तासभर मी हात जोडून उभा. (समोरच्या गच्चीवर चार कावळे बसले होते, एकाने तर पाठ फिरवली.) आई म्हणाली, त्यांच्या मनात काहीतरी राहिलंय. काय राहिलंय ते मला लगेच समजलं. बाबांनी जन्मभर या गावात दुसऱ्यांच्या पितरांना वाटेला लावलं, आणि त्यांचा मुलगा एका तरण्याताठ्या मुलाला तेवीस पुस्तकं लटकत ठेवून आहे. मी मनातल्या मनात म्हटलं, बाबा, त्याची सोय करतो. कावळा आला. ताई, तू हसशील, पण तो आला.

म्हणून चोविसाव्या भागात मी वेणीमाधवाचं त्रिपिंडी श्राद्ध केलं. पिशाचमोचन कुंडावर, रीतसर, अकरा पानं, बाबांच्या वहीत होतं तस्सं. अकाली गेलेल्याच्या नावाने तिथल्या पिंपळाला खिळा ठोकतात, तोही ठोकला. वेणीमाधव पूर्वेकडे पाहत विरून गेला आणि शेवटच्या चार पानांत मधुरेचं सहायक ग्रंथपालाशी लग्न लावलं. मला वाटलं, वाचक डोळे पुसतील आणि म्हणतील, चांगलं झालं, सुटला बिचारा.

पहिलं पत्र सोलापूरहून आलं. 'बाई, तुम्ही त्याला मारलंत.' (मेलेल्याला मारता येत नाही, त्याची तीच मुख्य पात्रता होती, पण हे कुणाला सांगणार?) अकोल्याच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी तर्पणातल्या दोन चुका दाखवून गेलेल्याला अजून परत आणता येईल असं बजावलं. सांगलीच्या वाचनालयातल्या चाळीस बायकांनी दहा दिवस सुतक पाळलं आणि तेराव्याला मृणालिनीबाईंच्या नावाने बोटं मोडली. एक कार्ड बिनसहीचं आहे. त्यावर एवढंच लिहिलंय की सहायक ग्रंथपालाने जपून राहावं. प्रकाशक ही पत्रं गठ्ठ्याने माझ्याकडे पाठवतात, आणि वर स्वतःची चिठ्ठी जोडतात की पुण्यात त्यांनीही मागच्या दाराने जायला सुरुवात केली आहे.

पण या सगळ्यांहून मला आईची भीती वाटते. मोतीबिंदू वाढल्यापासून ही पुस्तकं मीच तिला वाचून दाखवतो, हे तुला माहीत आहे. चोविसावा भागही वाचला. वाचून झाल्यावर तिने पुस्तक माझ्या हातातून काढून मिटलं. मग म्हणाली, कागद घे. तेव्हापासून दर रविवारी ती मृणालिनीला शिव्यांचं पत्र सांगते आणि ते मी लिहितो. माझ्या हाताने, मलाच. मग ते पुण्याला जातं आणि गठ्ठ्यातून परत माझ्याकडे येतं. (शब्द एकही सौम्य करता येत नाही, कारण ती शेवटी परत वाचायला लावते.) आणि आता तिने डोळ्याच्या ऑपरेशनला साफ नकार दिला आहे. वेणीमाधव परत आल्याशिवाय डोळा उघडून बघायचं काय, म्हणते. दोन तारखा तिने मोडल्या. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजवा वाचवायचा तर २४ तारखेचा गुरुवार चुकवू नका. ताई, माझ्या एका पुस्तकापायी आई आंधळी होणार, या विचाराने मला अन्न गोड लागत नाही.

त्यात गेल्या महिन्यात कोल्हापूरहून तीन बायका आल्या. धर्मशाळेच्या मॅनेजरने 'जोशीजी इथलेच मराठी आहेत, सगळं दाखवतील' म्हणून त्यांना माझ्याकडे धाडलं. म्होरक्या नीरजाबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांना विश्वनाथ नको, गंगा नको, पिशाचमोचन हवं. रिक्षात त्यांनी पर्समधून चिवड्याची पुडी काढली, चोविसावा भाग काढला आणि एक पक्कड काढली. त्या वेणीमाधवाचा खिळा उपटायला आल्या होत्या. मी म्हटलं, अहो, कादंबरी आहे ती. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी रिक्षावाल्याला वाट सांगू लागलो.

त्या पिंपळाला हजारो खिळे आहेत. पण मी मूर्खाने पान एकशे त्र्याऐंशीवर 'दक्षिणेच्या अंगाला, कमरेइतक्या उंचीवर' असं लिहून ठेवलं आहे. कंबर कुणाची, यावर तिघींचा वाद झाला. शेवटी नीरजाबाईंच्या कमरेवर एकमत झालं (त्या बऱ्याच बुटक्या आहेत). तिकडून एक पंडाजी ओरडत धावले, "ए माताजी, ऊ मत निकालिए, किसी के घर का है!" तोवर खिळा बाहेर. नीरजाबाई शांतपणे म्हणाल्या, "चल बाळा." आणि मग, ताई, त्यांनी तो रुमालात गुंडाळून माझ्या हातावर ठेवला. गाडीत फार धक्के बसतात, मृणालिनीताई बनारसलाच असतात असं ऐकलंय, तुम्हीच पोचता करा. एवढं सांगून त्या संध्याकाळच्या गाडीने गेल्या.

वेणीमाधव मी बनवलेला आहे. खिळा खरा आहे. म्हणजे कुणाच्या तरी घरचं कुणीतरी आता माझ्याकडे आहे. तो परत ठोकायचा तर विधी करावा लागतो, विधीला नाव आणि गोत्र लागतं, आणि ते विचारायचं कुणाला? पंडाजींना विचारायची माझी छाती नाही. मी तो कचेरीच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, तर चौथ्या दिवशी साहेबांची बदली झाली. (तेवढं चांगलं झालं, पण भीती भीतीच.) मग घरी आणून लोणच्याच्या बरणीमागे लपवला.

असो. जिजाजींना नमस्कार. आज ओवाळायला तू नाहीस, म्हणून वैदेहीने माझ्याकडून चंद्राला ओवाळून घेतलं. तसं बायका करतात असं मी म्हणालो, पण ऐकतं कोण?

तुझा,
नरहर

ता. क. : एक काम होतं. तुझं अक्षर आई डोळे असतानाही ओळखत नव्हती, आणि वाचून तर मीच दाखवणार. मृणालिनीच्या नावाने तिला एक पत्र पाठव. त्यात लिही की तर्पणात चूक झाली, वेणीमाधव गेलेला नाही आणि पंचविसाव्या भागात येतोय. मी लिहिलं तर वाचताना मला रडू येईल. बाबांची मी समजूत काढीन, पुढच्या पितृपक्षात.

दुसरी ता. क. : खिळा बरणीमागे नाही. वैदेहीने तो आईच्या खोलीत भिंतीला ठोकून त्यावर कालनिर्णय टांगलं आहे. मी दोघींनाही काही बोललेलो नाही.

तिसरी ता. क. : ताई, मी वैदेही. हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं होतं. आईंनी अडवून माझ्याकडून सगळं वाचून घेतलं. पुढचं त्या सांगतात तसं लिहिते.

नंदे, अनेक आशीर्वाद. मृणालिनी कोण ते मला पहिल्या भागापासून ठाऊक आहे. त्यातली सासू कढी बिघडली की माझ्याच शब्दांत भांडते. वेणीमाधव गेला ते उत्तम झालं, दहाव्या भागापासून नुसते उसासे टाकत होता मेला. तेवढं एक काम नरहरने बापासारखं केलं. तेव्हा तू ते खोटं पत्र लिहू नकोस. डोळ्यात सुई घालतात म्हणे, आणि माणूस जागं असतं. मी इथे सगळ्यांना दटावत असते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण मला फार भीती वाटते गं. काहीतरी कारण सांगायला हवं होतं, ते सांगितलं. २४ तारखेच्या गुरुवारच्या आधी ये आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी उभी राहा. मी हाक मारली तर ओ दे.