राजपुत्र सिंहासनावर का बसत नाही

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? (अजूनही खोकला स्वतःला आणि शिव्या हवेला, असंच चाललंय ना?) आणि बाबा नीट जेवतात का? हत्यारांची पेटी अजून पलंगाखालीच आहे का गं? ज्या माणसाचा लाकडाशिवाय दिवस गेला नाही, त्याने सहा वर्षं रंध्याला हात लावू नये, हे काही माझ्या मनातून जात नाही. पाकीट फुगीर लागलं असेल. आतली पुडी पत्र संपेपर्यंत सोडू नकोस, तुला माझी शपथ.

इकडे नाटकमंडळीत नवलच चाललंय. आमचं ते जुनं शोकनाटक तुला ठाऊकच आहे. राजा मरतो, सिंहासन रिकामं पडतं, राजपुत्र पाच अंक त्याच्याभोवती घुटमळतो, बसत काही नाही, आणि शेवटी राज्य बुडतं. (सरतेशेवटी स्टेजवर सहा प्रेतं असतात. गेल्या प्रयोगात त्यातल्या एकाला शिंक आली.) येत्या रविवारी शंभरावा प्रयोग. त्यासाठी आमच्या मास्तरांनी एका मनाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलंय. पडदा उघडण्याआधी त्या भाषण करणार : राजपुत्र सिंहासनावर का बसत नाही? आठवडाभर बाई तालमीला पहिल्या रांगेत वही घेऊन बसतात आणि मी मागे सेट ठोकता ठोकता कान लावतो. परवा तर इतका कान लावला की खिळ्याऐवजी अंगठा ठोकला.

बाईंचं म्हणणं असं. राजपुत्राला लहानपणी बाप आवडायचाही आणि नकोसाही व्हायचा. बाप खुर्चीवरून उठावा, तिथे आपण बसावं, असं मनाच्या तळघरात कुठेतरी होतं. बाप खरंच गेला, आणि पोराला वाटलं, आपल्या इच्छेनेच गेला. आता त्या खुर्चीत बसणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. म्हणून तो फेऱ्या मारतो. ऐकून मी चाटच पडलो! एवढं सगळं एका माणसाच्या आत, आणि वरून बघावं तर नुसता मुकुट. तेव्हापासून मला भेटेल त्याच्या तळघरात डोकावायचा नादच लागलाय. दूधवाला दूध का सांडतो, भावोजी नेहमी दाराजवळच का बसतात, सगळ्याला बापच कारण असणार असं वाटतं.

पण ताई, खरं कारण तुला नि मला माहीत आहे. मूळ नाटकात तो तिसऱ्या अंकात चांगला ऐसपैस बसतो! बाबांनी केलेलं सिंहासन आपल्या कारखान्यात ठाम उभं राहायचं आणि स्टेजवर डुगडुगायचं. बाबा म्हणायचे, स्टेजच्या फळ्या एका बाजूला उतरत्या आहेत. मी म्हणायचो, तुमचा पाय लांब झालाय. आठ दिवस आमचं तेच. मग ऐन प्रयोगात राजपुत्र बसला (चांगला धष्टपुष्ट माणूस, दिवसा पोस्टात शिक्के मारतो) आणि सिंहासन, मुकुट नि तो असे तिघेही आडवे. शोकनाटकात लोक पोट धरधरून हसले. बाबांनी सिंहासन उलटंसुद्धा करून पाहिलं नाही. 'माझा हात गेला,' एवढंच म्हणाले, हत्यारं पेटीत घातली आणि तुझ्याकडे आले. पुढच्या प्रयोगाला आम्ही सिंहासन विटेवर टेकवलं आणि राजपुत्र भीतीपोटी भोवती फिरत राहिला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हा मास्तरांनी ते फिरणं कायमचंच ठेवलं.

न राहवून मी हे डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. म्हटलं, बाई, मन वगैरे काही नाही, सिंहासनाचा पाय मोडलाय. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मग सहा वर्षं तुम्ही तो दुरुस्त का केला नाहीत? अर्ध्या तासाचं काम ना?" मी म्हटलं, वेळ मिळाला नाही. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं! एवढ्या साध्या वाक्यात लिहून घेण्यासारखं काय होतं? दोन दिवस तेच डोक्यात आहे. मास्तर तर माझ्यावरच उखडले. म्हणे, खबरदार पायाला हात लावशील तर, पाय नीट झाला की राजपुत्राचं मन कुठे राहील?

असो. तुला पाल्हाळ आवडत नाही, पण तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

तुझा,
धाकटा

ता.क. यातलं एक अक्षर बाबांना सांगू नकोस.

ता.क. दुसरा. बाबा, ताईची पत्रं आधी तुम्हीच फोडता हे मला माहीत आहे, म्हणून तर तिच्या नावाने लिहिलं. आता पुडी सोडा. सोनेरी रंगाचा तो तुकडा तुमच्याच सिंहासनाच्या पायाचा आहे, दोन बोटं. प्रयोगाच्या दिवशी तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी पाय कापला. जास्त कापला गेला, म्हणून तुकडा परत चिकटवला आणि वरून रंग फासला. सिंहासन कोसळलं तेव्हा सगळे राजपुत्राला उचलत होते, मी हा तुकडा उचलून खिशात घातला. तुमचा हात गेला नव्हता, बाबा. तुमचे सगळे जोड आजही शाबूत आहेत. काल स्टेजवर गोटी ठेवून पाहिली, ती घरंगळत थेट पहिल्या रांगेत बाईंच्या पायाशी गेली. फळ्याच उतरत्या होत्या. मी चुकलो, आणि सहा वर्षं गप्प बसलो ते त्याहून वाईट केलं. रविवारच्या आत या, पेटी घेऊन या. मास्तरांना मी बघतो, बाई दुसरं भाषण लिहितील. त्या पोस्टवाल्याला एकदा बसू द्या. पाय तुम्ही जोडा, मी धरून उभा राहतो.