सगळे गाभे एकदम तापले तर

सूस, २ ऑक्टोबर

तीर्थरूप तिजानी काका यांना दोरसाफचा आदराने सलाम.

आधी चूक दुरुस्त करते, मग तब्येत विचारते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की माझ्या संगणक-चिपमधल्या चौसष्ट गाभ्यांना (कोअरना) एकमेकांचे निरोप तारांऐवजी उजेडातून बिनचूक पोचतात. ते खोटं आहे. एकोणसाठांनाच पोचतात. उरलेल्या पाचांचे निरोप शेजारी वाचतात (आपल्या जिन्यावर मोंजियाकाकू सगळ्यांची पत्रं वाचते तसे, ही ओळ तिला दाखवू नका). आता सांगा, धाप कशी आहे? काकू मीठ अजून लपवून ठेवते का?

चूक तुमच्यामुळे सापडली, म्हणून थोडा राग तुमच्यावरही आहे. प्रत्येक गाभ्याच्या दारात एक सूक्ष्म कडं असतं. ते उजेडातला आपल्या वाट्याचा रंग तेवढा उचलतं. उष्णता बदलली की ते भलताच रंग उचलतं, म्हणून त्याच्याजवळ एक चिमुकली शेगडी ठेवून त्याला ठरलेल्या उबेवर धरायचं. हे सगळं मी केलं होतं. पण चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या तुम्ही उत्तरात एकच ओळ लिहिलीत : "पोरी, ऑगस्टात दुकानातली सगळी घड्याळं एकदम मागे पडायची. तू सगळे गाभे एकदम तापवून पाहिलेस का?" मी हसले. मग जेवण टाकून उठले. मी ते एकेक करून तापवले होते, एकदम कधीच नाही. सगळे तापले, की मधली कडी ठरलेल्या उबेच्या पलीकडे जातात. आणि शेगडी तापवू शकते, गार करू शकत नाही. (तीन वर्षं शेगड्यांत घालवून मला हे सुचू नये!)

माझ्या मार्गदर्शक जुमनी सरांना सांगितलं, तर म्हणाले, "सगळे एकदम तापायला तुझी चिप काय लग्नाला निघालीय? परीक्षक थर्मामीटर घेऊन येत नाहीत. नोव्हेंबरात प्रबंधाची परीक्षा दे, पदवी घे, मग हवं तेवढं रड." काकूला फोन केला, तर तिने परीक्षेनंतर वाटायला मिठाईची पाच ताटं आधीच सांगून ठेवलेली. "पुढे ढकलते म्हणतेस, पण बाई, बकलावा शिळा होतो गं," एवढंच बोलली. ती बकलाव्याबद्दल बोलत नव्हती, हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

चिप सुधारून पुन्हा परीक्षेला बसणं एप्रिलआधी होत नाही. आणि तुम्हीच हसत म्हणाला होतात, की तुमच्या हृदयाला किल्ली या हिवाळ्यापुरतीच दिलेली आहे.

शाळेत घालण्याआधी तुम्ही मला दुकानातल्या टेबलाशी बेरीज शिकवलीत. नियम एकच : ज्याची चूक त्याने ती मोठ्याने वाचायची, मग खोडायची. दुसऱ्या कुणी शिकवलं असतं, तर मला यंदा पदवी मिळाली असती.

तुमची
दोरसाफ

ता. क. या पत्राला उत्तर पाठवू नका. तुम्ही "दे परीक्षा" म्हणालात, तर मी देईन.

ता. क. आणखी एक, खरं म्हणजे हेच. पाचातलं एक ताट काकूने राहू द्यावं. रविवारी, बारा तारखेला, मी घरी, स्फाक्सला येते. तुम्ही इस्त्रीचा कोट घालून टेबलापलीकडे परीक्षक म्हणून बसा. मी सगळा प्रबंध वाचीन, चुकीसकट. शेवटी काकूने जिना दणाणेल अशी, लग्नात देतात तशी आनंदाची ललकारी द्यावी. (रडायचं नाही, हे तिघांनाही लागू.) परीक्षेचा अर्ज मी त्यानंतरच मागे घेईन : सोमवारी, तेरा ऑक्टोबरला.