दर सोमवारी, स्वतः

दि. ६ जून

ती. ताईस,
टिल्लूचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण या वेळी खरं लिहायचं होतं. हिच्या आजारपणात मी तिघांकडून पैसे उचलले. ही गेली, देणी राहिली. एकाचं भागवायला दुसऱ्याकडे हात पसरत होतो. गेल्या महिन्यात एक सावकार माझं शिलाई मशीन उचलून न्यायला आला, तेव्हा पतपेढीची पायरी चढलो.

तिथल्या बाई झापतील असं वाटलं होतं. त्यांनी तिघांची देणी एका कागदावर मांडली. पतपेढीने ती परस्पर फेडली आणि मला कमी व्याजाचं एकच कर्ज दिलं. अट अशी, की दर सोमवारी हप्ता स्वतः आणायचा आणि समोर बसून आठवड्याचा खर्च सांगायचा. पन्नाशीच्या शिंप्याला भाजी केवढ्याची घेतली ते विचारतात! हप्ते चुकले तर मशीन जाईल, म्हणून मान खाली घालून सांगतो.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
टिल्लू

दि. १५ जून

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

रागावले आहेच. वर्षभर 'सगळं ठीक' लिहीत होतास आणि मी ते खरं मानत होते. त्या बाईंना म्हणावं, याचे खिसेही तपासा; लहानपणी माझे खाऊचे पैसे तिथेच सापडायचे. सोमवार चुकवू नकोस. माझी काळजी नको, मला इथे श्वास घ्यायला फुरसत नसते.

जेवत जा, आणि या म्हातारीवर माया असू दे.

तुझी,
ताई

दि. २० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एकही सोमवार चुकला नाही. हल्ली त्या दिवशी दाढी करून जातो, हसू नकोस. मध्ये एकदा माझ्या खर्चाच्या वहीत तीन दिवस जेवणाचा खर्चच नव्हता. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आजारी होतात का, असं विचारलं. ताई, ही गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी कसाबसा उठून बाहेर आलो.

आता खरी गोष्ट. शाळेच्या गणवेशांचे पैसे एकरकमी मिळाले. सगळं कर्ज फिटेल एवढे आहेत. बाईंना हे काम माहीत होतं; म्हणाल्या, शाळेचे पैसे आले असतील तर भरून टाका, व्याज वाचेल. मी सांगितलं, अजून दिलेच नाहीत. साफ खोटं. पैसे मशीनच्या खणात पडून आहेत. कर्ज फिटलं तर सोमवारी मी कुठे जाऊ?

हे कुणाला सांगू नकोस. लोभ आहे, तो राहू दे.

तुझा,
टिल्लू

दि. २६ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. विचारायचं मी, आणि विचारलं परक्या बाईने! फुरसत नसते असं मी लिहिलं तेही खोटंच. तुझे भावजी गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय कुणी बोलत नाही. तुला त्रास नको म्हणून मी गप्प, मला नको म्हणून तू. शहाणीच आहोत दोघं.

त्या बाई भल्या आहेत, पण त्यांच्या विचारपुशीला व्याज पडतं. माझी फुकट आहे. येत्या रविवारी मी येते. सोमवारी सगळं कर्ज भरून टाक. मी बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. मग आपण दोघं हळूहळू चालत घरी जाऊ.

तुझी,
ताई