मानेवरचे केस

ये बाळा, जवळ बस, एक गोष्ट सांगतो. एका न्हाव्याला पहाटे स्वप्न पडलं. त्याचा लेक पुन्हा लहान होऊन दुकानातल्या खुर्चीत पेंगत होता. त्याची मऊ मान बापाच्या तळव्यावर विसावली होती.

"बाबा, मागचे केस काढून पुढे लावा ना!"

"वेड्या, डॉक्टरांनी दोनदा लावले, तरी लावलेल्यांच्या मागचे मूळचे केस गळतच राहिले. मानेवरचे केस म्हणजे काय अक्षयपात्र आहे?"

केस लावायच्या ऑपरेशनचा डॉक्टरांचा संमतीचा कागद कंगव्याखाली ठेवून मी दुकान उघडायला जातोय. तिसऱ्यांदा लावायचे की नाही, तूच ठरव. न्हाव्याचाच पोरगा टकला, असं लोक म्हणोत बापडे. मला तू देवाने दिलास तसाच गोड. फक्त सही करण्याआधी मानेवरून एकदा हात फिरव, आणि त्या न्हाव्याची आठवण ठेव.